जुन्या गाडीचा क्लच जड झालाय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे करून बघा

मागच्या मे महिन्यात अमळनेरहून चाळीसगावमार्गे संभाजीनगरला निघालो होतो, गाडी आबांची १९९६ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, आणि कन्नड घाटात नेमका जाम लागला. दोन फूट पुढे घ्यायची, थांबायचं, परत क्लच, परत दोन फूट. घाट चढून वर पोचेपर्यंत डावी पोटरी अशी आखडली की गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. परत आल्यावर आबांनी गावातल्या गावात एक चक्कर मारली आणि उतरल्या उतरल्या म्हणाले, "मना पाय भरी उना रे, हाऊ क्लच शे का काय शे." तेव्हा कळलं की हे हळूहळू होत गेलंय, रोज चालवणाऱ्याला समजत नाही, सहा महिन्यांनी बसणाऱ्याला लगेच समजतं.

गॅरेजवाल्याने पेडल एकदा दाबून बघितलं आणि सांगितलं, प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. गिअरबॉक्स उतरवणं म्हणजे दिवसाची मजुरी आणि वर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंगचा सेट. मी म्हटलं एक रविवार द्या मला. त्या रविवारी आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत जे समजलं ते सगळं इथे लिहितोय, कारण जड क्लचच्या तक्रारीत बऱ्याचदा दोष गिअरबॉक्सच्या बाहेरच असतो आणि बाहेरचा दोष घरी सापडतो.

आधी क्लच काम कसं करतो ते दोन वाक्यात. फ्लायव्हील, म्हणजे इंजिनसोबत फिरणारं जड चाक, आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लच प्लेट दाबून धरलेली असते, ती दाबणारी स्प्रिंग चांगली दणकट असते, आणि आपण पेडल दाबतो तेव्हा पेडल केबलला ओढतं, केबल गिअरबॉक्सवरच्या लिव्हरला ओढते, लिव्हर आतल्या फोर्कला फिरवतो, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो आणि बेअरिंग त्या स्प्रिंगची बोटं दाबतं, मग प्लेट सुटते. म्हणजे पायापासून स्प्रिंगपर्यंत पाच-सहा जागा आहेत जिथे काहीतरी घासतं, फिरतं किंवा सरकतं. यातली कुठलीही एक जागा सुकली, गंजली, वाकली की सगळा भार पायावर येतो. स्प्रिंग स्वतः सहसा अचानक जड होत नाही, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, बोनेटखाली तर विचारूच नका, त्यात काळ्या मातीची बारीक धूळ. जुनं ग्रीस उन्हाने सुकतं, त्यात धूळ बसते आणि त्याचा जो लगदा होतो तो ग्रीसचं काम करतच नाही, तो पॉलिश पेपरचं काम करतो. म्हणून इकडच्या जुन्या गाड्यांत ही तक्रार दिसली तर आधी सुकेपणा आणि घाण यांच्यावर संशय घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

सामान काय लागेल: १० आणि १२ चे पाने, पक्कड, एक लॉक होणारी पक्कड, स्केल, टॉर्च, वायर ब्रश, पॉलिश पेपर, गंज सोडवायचा स्प्रे, लिथियम ग्रीस किंवा साधं एपी-३ ग्रीस, मल्टिमीटर, आणि गाडी उचलायची वेळ आली तर जॅक आणि दोन लोखंडी स्टँड. विटांवर किंवा नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली घुसू नका, कितीही घाई असली तरी. आणि आपल्याकडे अंगणात काळी माती असते, वरून कडक दिसते पण जॅक एका बाजूने रुततो, त्यामुळे कोब्यावर गाडी घ्या किंवा जॅकखाली जाड फळी टाका. मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन थंड होऊ द्या.

सगळ्यात पहिलं काम एका मिनिटाचं आहे, ते म्हणजे पेडलखालचं मॅट काढा. मॅटवर मॅट टाकलेलं असतं, त्याची कड पेडलच्या मागे दुमडते आणि पेडल अर्ध्यातच अडतं. नसेल तसं तर पुढे चला.

आता खरी तपासणी, तिचं तत्त्व एकच, साखळी तोडायची आणि प्रत्येक तुकडा वेगळा हलवून बघायचा. पूर्ण जोडलेल्या क्लचचं पेडल दाबून दोष कुठे आहे हे नेमकं सांगता येत नाही, त्या गॅरेजवाल्यालाही आलं नाही.

बोनेट उघडा आणि गिअरबॉक्सवरचा क्लचचा लिव्हर शोधा, केबलचं आटे असलेलं टोक त्यात अडकवलेलं असतं आणि त्यावर नट असतो. नट सोडायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा आणि नटाच्या बाहेर किती आटे दिसतात ते मोजून लिहून ठेवा, नंतर सेटिंग परत लावताना हा आकडा फार कामाला येतो. आटे गंजलेले असतील तर स्प्रे मारून अर्धा तास थांबा, जोर लावला तर टोकच पिळवटतं. नट काढून केबल लिव्हरमधून मोकळी करा.

आता आत जाऊन पेडल हाताने दाबा. केबलच्या टोकावर काहीच भार नाही, त्यामुळे पेडल एका हाताने अलगद जायला पाहिजे. तरीही ते जड जात असेल, कचकच करत असेल, मध्येच अडत असेल, तर तुमचा दोष केबलमध्ये किंवा पेडलमध्ये आहे आणि गिअरबॉक्स उतरवायची अजिबात गरज नाही. पण उलट म्हणजे पेडल हलकं गेलं तर लगेच केबलला क्लीन चिट देऊ नका. केबल आतून झिजलेली असेल तर रिकामी असताना ती बरी चालते, भार आला की तार वळणावर नळीच्या भिंतीत रुतते आणि मग जड होते. म्हणून केबलचं मोकळं टोक लॉक पक्कडीत धरून घरातल्या कोणालातरी ताणून धरायला सांगा आणि मग पेडल दाबा. माझ्या वेळी माझ्या पुतण्याने धरलं होतं, मी आतून जोर लावत होतो आणि तो बाहेरून ओरडत होता की काका इकडे काहीच ओढ येत नाहीये. म्हणजे माझ्या पायाचा जोर रस्त्यातच कुठेतरी खाल्ला जात होता. तिथेच अर्धं निदान झालं.

दुसरा तुकडा लिव्हर. केबल सुटलेली असताना लिव्हर हाताने पुढेमागे हलवा. सुरुवातीला थोडंसं मोकळं हललं पाहिजे, मग बेअरिंग स्प्रिंगला टेकतं आणि पुढे हाताने जात नाही. त्या मोकळ्या भागात खरखर नको, अडकणं नको. मग लिव्हरवर मजबूत पाइपचा तुकडा घालून थोडासा ढकला आणि सावकाश सोडा, सोडल्यावर लिव्हर तत्काळ मागे यायला पाहिजे. रेंगाळत येत असेल तर लिव्हरचा शाफ्ट ज्या बुशमध्ये फिरतो ते बुश सुकलेत किंवा बेअरिंग आपल्या नळीवर चिकटत सरकतंय. शाफ्ट गिअरबॉक्सच्या कवचात जिथे शिरतो तिथे बाहेरून स्प्रेचा एक बारीक फवारा मारून लिव्हर वीस-पंचवीस वेळा हलवून बघा, कधीकधी एवढ्यानेही फरक पडतो. पण फवारा बारीकच, कारण तेल आत उतरून प्लेटला लागलं तर क्लच स्लिप व्हायला लागेल आणि मग खरंच गिअरबॉक्स उतरवावा लागेल.

तिसरा तुकडा पेडल. केबल वरूनही, म्हणजे पेडलकडच्या हुकातूनही सोडवा. यासाठी डॅशबोर्डखाली डोकं घालून उताणं पडावं लागतं, सीट पूर्ण मागे सरकवा, टॉर्च तोंडात न धरता कोणाच्या हातात द्या. पेडल आता नुसतं शाफ्टवर लटकतंय. बोटाने हलवलं की हललं पाहिजे आणि डावीउजवीकडे फार डगमगायला नको. माझं पेडल जिथे सोडलं तिथेच थांबत होतं, हवेत. शाफ्ट बाहेर काढला तेव्हा त्यावर ग्रीस नव्हतंच, काळाभोर कडक थर होता डांबरासारखा, स्क्रूड्रायव्हरने खरवडला तेव्हा पापुद्रे निघाले आणि खाली शाफ्टला एका बाजूने चर पडलेली. बुश गोल राहिले नव्हते, लंबगोल झाले होते. रॉकेलने धुवा, शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने साफ करा, बुश नवे टाका, ग्रीस लावा, जास्त थापू नका कारण जादाचं ग्रीस खाली ब्रेक पेडलच्या रबरावर टपकलं तर पाय घसरेल. बसवताना ब्रेकलाइटचं स्विच जागच्या जागी आहे ना ते बघा, हात लागून ते सरकतं.

आता केबल, आणि इथे मी जरा थांबणार आहे कारण माझी खरी शिकवणी इथेच झाली.

काढलेली केबल ओट्यावर सरळ ठेवा आणि आतली तार दोन्ही बाजूंनी ओढून बघा, नंतर केबल गाडीत जशी वळते तशी वळवून परत ओढा. सरळ असताना चालते आणि वळवल्यावर अडते, तर ती गेली. टोकाशी तारेचे एक-दोन धागे तुटून बाहेर आले असतील तरी ती गेली, मग जड असो की नसो, कारण उरलेले धागे कुठल्या घाटात तुटतील सांगता येत नाही. तेल घालून जगवायचा प्रयत्न करण्याआधी एक बघा. खूप जुन्या पद्धतीच्या केबलमध्ये नुसती लोखंडी गुंडाळी असते, तिच्यात पातळ तेल सोडता येतं, केबल उभी टांगायची, वरच्या टोकाला प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा रबराने बांधून त्यात तेल ओतायचं आणि रात्रभर निथळू द्यायचं. पण आतून नायलॉनचं अस्तर असलेली केबल कोरडीच चालायला बनवलेली असते, तिच्यात तेल-ग्रीस घातलं तर ते धुळीला धरून बसतं आणि महिन्याभरात आधीपेक्षा वाईट होते. मारुतीची केबल काही शे रुपयांत मिळते, तिच्यावर प्रयोग करत बसू नये असं माझं म्हणणं. आणि मारुती ८०० डिसेंबर १९८३ पासून २०१४ पर्यंत बनली, त्यामुळे पार्ट मिळायची अडचण नाही, फक्त दुकानात जुनी केबल घेऊन जा आणि दोन्ही शेजारी ठेवून लांबी, बाहेरच्या नळीची लांबी आणि टोकाचे आटे जुळवून घ्या, मॉडेलप्रमाणे फरक असतो.

तर मी नवी केबल टाकली, बुश टाकले, क्लच लोण्यासारखा झाला. आबा खूश. आणि चार महिन्यांत परत जड.

यावेळी मला खरंच वाईट वाटलं, कारण सगळं नीट केलं होतं. केबल परत काढली आणि ब्लेडने उभी चिरली. मधल्या एका जागी आतलं नायलॉन वितळून तारेला चिकटलं होतं, मेणबत्ती विझल्यावर वात मेणात रुतते ना तसं. सायलेन्सरची उष्णता म्हणावी तर ती जागा एक्झॉस्टपासून लांब होती. मग एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी सांगितलं, सेल्फ मारल्या मारल्या केबलला हात लावून बघ. लावला, तर कोमट. आणि तिथे उलगडा झाला.

झालं असं होतं की इंजिनची अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सला बॅटरीच्या मायनसशी आणि बॉडीशी जोडणारी जाड पट्टी, तिच्या बोल्टखाली गंज आणि पांढरट-हिरवं साचलेलं होतं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, रबरातून करंट जात नाही. स्टार्टर मोटरला खूप मोठा करंट लागतो आणि त्याला परतीचा रस्ता पाहिजेच असतो, पट्टीतून मिळाला नाही तर तो इंजिनपासून बॉडीपर्यंत जे धातूचं सापडेल त्यातून जातो, आणि क्लचची केबल दोन्हीकडे धातूला टेकलेली असते. दर वेळी सेल्फ मारताना केबल तापायची आणि आतलं अस्तर थोडं थोडं वितळायचं. ॲक्सिलरेटरच्या केबलचंही असंच होतं. म्हणून कोणाची क्लच केबल वर्षाच्या आत दुसऱ्यांदा जड झाली तर केबलच्या कंपनीला दोष देण्याआधी अर्थिंग बघा, आणि सेल्फ मंद फिरत असेल तर नक्कीच बघा.

तपासायचं कसं: गाडी न्यूट्रल, हँडब्रेक, इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खुंटीला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला. कोणीतरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायचा. चांगल्या अर्थिंगला रीडिंग अगदी कमी येतं, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंग खराब. मग बॅटरीचं मायनस काढा, पट्टीची दोन्ही टोकं सोडून पॉलिश पेपरने चकचकीत करा, बॉडीवरचा रंग त्या वायसरएवढ्या जागेत खरवडा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन फिरवा. पट्टीच्या तारा तुटलेल्या असतील तर नवी टाका. त्यानंतर टाकलेली केबल आजही गाडीत आहे.

केबल बसवताना तिला कुठेही तीव्र वळण देऊ नका, जुन्या रस्त्यानेच न्या, क्लिपा असतील त्या सगळ्या लावा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून लांब ठेवा. फायरवॉलचं, म्हणजे इंजिन आणि गाडीची आतली बाजू यांच्यामधल्या पत्र्याचं, केबलभोवतीचं रबर फाटलं असेल तर तेही बदला, तिथून पाणी शिरतं.

मग सेटिंग. नट आधी मोजलेल्या आट्यांपर्यंत आणा, तो फक्त अंदाज. पेडल बोटाने दाबा, जड लागेपर्यंत ते किती मोकळं जातं (यालाच प्ले म्हणतात) ते स्केलने मोजा, या गाडीत मी साधारण २० ते २५ मिलिमीटर ठेवतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या मॅन्युअलमध्ये बघा. नट आवळला की प्ले कमी होतो, सैल केला की वाढतो. काही लोक क्लच हलका वाटावा म्हणून प्ले संपवून टाकतात, तसं करू नका, बेअरिंग कायम स्प्रिंगला टेकून फिरत राहतं, झिजतं, आणि प्लेट घसरून जळते. प्ले फार ठेवला तर क्लच पूर्ण सुटत नाही. तपासायला इंजिन आयडलवर ठेवा, क्लच पूर्ण दाबून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. कर्रर्र आवाज आला तर क्लच अजून सुटत नाहीये.

ज्यांच्या जुन्या गाडीत केबल नाही, तेलावर चालणारा हायड्रॉलिक क्लच आहे, त्यांच्यासाठी साखळी तीच फक्त मधला तुकडा वेगळा. खाली स्लेव्ह सिलिंडरचा, म्हणजे गिअरबॉक्सकडच्या लिव्हरला ढकलणाऱ्या सिलिंडरचा, हवा काढायचा निपल उघडून पेडल दाबा, निपल उघडा असूनही पेडल जडच आणि तेल थेंब थेंब येतंय तर रबरी होज आतून फुगून बंद झालाय किंवा पेडलकडचा मास्टर सिलिंडर अडकतोय. तेल जोरात येतं आणि पेडल हलकं होतं, तर दोष स्लेव्हमध्ये किंवा त्याच्या पुढे. डब्यावर लिहिलेलं ब्रेक फ्लुइडच वापरा, इंजिन ऑइल टाकलं तर सगळे रबर सील फुगतील, आणि फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलला जातो. नंतर हवा काढायची: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल उघडून बंद करायचा, मग पेडल सोडायचं, बुडबुडे थांबेपर्यंत, आणि वरची फ्लुइडची डबी रिकामी होऊ द्यायची नाही. जुन्या जीपसारखा सळया आणि पिनांचा क्लच असेल तर प्रत्येक पिन काढून बघा, भोकं लांबट झाली असतील, पिनेला खाच पडली असेल, तर पिना-बुश बदलून ग्रीस लावा.

हे सगळं करूनही जड असेल, म्हणजे पेडल मोकळं, केबल नवी, अर्थिंग चांगलं आणि तरी लिव्हर ओढायला जोर लागतोय, तर मात्र गिअरबॉक्स उतरवा, त्याला पर्याय नाही. डायफ्राम स्प्रिंगच्या प्रेशर प्लेटमध्ये क्लच प्लेट झिजत जाते तशी स्प्रिंगची बोटं वेगळ्या कोनात येतात आणि पेडल हळूहळू जड होतं, हे खरं कारण आहे, फक्त ते शेवटी तपासायचं. उतरवलाच तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदम बदला, फोर्कच्या शाफ्टचे बुश बदला, क्रँकचं मागचं ऑइल सील गळतंय का बघा. आतली धूळ हवेने किंवा तोंडाने फुंकू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा आणि नाकाला मास्क लावा. क्लच प्लेट ज्यावर सरकते त्या गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दातांवर ग्रीस नावापुरतं, बोटावर उरेल एवढंही नको.

नवी केबल बसल्यावर थोडी ताणते, म्हणून शंभर-सव्वाशे किलोमीटर झाले की परत बोनेट उघडून प्ले मोजा. माझा तेव्हा ३० वर गेला होता, नट दीड फेरा आवळला आणि बाहेर राहिलेल्या आट्यांचा नवा आकडा बोनेटच्या आतल्या बाजूला पेंटने लिहून ठेवला.